बाहेरगावचे सर आणि पहिला हिवाळा

थंडी पडली की मला दोन मास्तर आठवतात. एक जमैकाचा आणि एक सावंतवाडीकडचा. जमैकाचा मला जपानात भेटला आणि सावंतवाडीचा आमच्याच घरात, म्हणजे अंतरवाली सराटीत. दोघांची एकमेकांशी ओळख असायचं काही कारणच नाही. पण दोघंही आयुष्यात पहिल्यांदा खरी थंडी बघत होते, दोघंही परक्या गावात परक्यांची लेकरं शिकवत होते, आणि दोघांमुळे माझं एका बाबतीतलं मत पार बदललं. ते आज सांगायचंय. जरा लांबण लागेल, चहा घेऊन बसा.

आधी गावाबद्दल. अंबड तालुका, जालना जिल्हा. कॉलेजात असताना गावाचं नाव सांगितलं की "हे कुठं आलं?" असा प्रश्न ठरलेला. मग मी वडीगोद्री, धुळे-सोलापूर हायवे, शहागडचा गोदावरीवरचा पूल अशा खुणा सांगत बसायचो. २९ ऑगस्ट २०२३ ला मनोज जरांगे पाटील गावात उपोषणाला बसले, १ सप्टेंबरला लाठीमार झाला, आणि त्यानंतर मला गावाचा पत्ता कुणाला सांगावा लागलेला नाही. असो. आजचा विषय तो नाही. आजचा विषय टीव्हीवर सहसा न येणारा आहे.

तर २०२२ च्या डिसेंबरात कंपनीने मला जपानला पाठवलं. ऑनसाइट म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर टोकियो येतं. माझ्या नशिबी आलं निइगाता प्रांतातलं नागाओका. बर्फाचा मुलूख. तिथल्या रस्त्यांच्या मधोमध छोटी छोटी भोकं असतात आणि त्यातून जमिनीखालचं पाणी कारंज्यासारखं उडत असतं, बर्फ वितळावा म्हणून. मी पोचलो त्याच महिन्यात एवढा बर्फ पडला की कशिवाझाकी-नागाओका भागात हायवेवर गाड्यांच्या रांगा अडकून पडल्या. मी आयुष्यात पाहिलेली सगळ्यात मोठी थंडी म्हणजे आमच्याकडची डिसेंबरची पहाट. त्यापुढे हे म्हणजे दुसरीच इयत्ता.

शेजारच्या खोलीत हा जमैकन. जेट नावाच्या सरकारी योजनेतून आलेला. ही योजना जपानने १९८७ साली सुरू केली. परदेशातली तरुण मुलं एक वर्षाच्या करारावर शाळांमध्ये इंग्रजीला मदतनीस म्हणून येतात, करार वाढवत वाढवत जास्तीत जास्त पाच वर्षं राहतात. हा गडी उन्हाळ्यात आलेला, त्यामुळे त्याचाही पहिलाच हिवाळा.

त्याचा दिवस कसा असायचा ते सांगतो, कारण मी तो रोज भिंतीपलीकडून ऐकायचो. सकाळी सहाला खोऱ्याचा आवाज. दारासमोरचा बर्फ ज्याचा त्याने काढायचा. मग रॉकेलच्या स्टोव्हची टिकटिक. हो, रॉकेल! एवढा पुढारलेला देश, पण खोली गरम करायला रॉकेलच. आठवड्यातून एकदा रॉकेलची गाडी गाणं वाजवत गल्लीत यायची. शाळेत वर्गात हीटर, पण व्हरांडे बर्फासारखे. बाहेरचे बूट दारात काढून आतले वेगळे बूट घालायचे. दुपारी मुलांबरोबर वर्गातच जेवण, जेवण झाल्यावर मुलंच शाळा झाडून-पुसून काढणार. संध्याकाळी साडेचारलाच अंधार. घरी येऊन कोतात्सुत पाय घालून बसायचं. कोतात्सु म्हणजे बुटकं टेबल, त्यावर गोधडी आणि खाली हीटर. आपल्या शेकोटीचा इस्त्री केलेला अवतार.

पण मला लक्षात राहिलं ते वेगळंच. त्याने सांगितलं, की नोव्हेंबरातल्या एका शनिवारी शाळेतले एक शिक्षक स्वतःची गाडी घेऊन त्याच्याकडे आले. त्याला दुकानात नेलं. स्टोव्ह घेऊन दिला, रॉकेलचा डबा घेऊन दिला, बर्फाचे बूट, खोरं, सगळं. कडाक्याच्या रात्री नळाची बारीक धार चालू ठेव, नाहीतर पाइप गोठतो, हे दाखवलं. झोपताना स्टोव्ह बंद कर, हे दोनदा सांगितलं. खोली तर शिक्षण मंडळाने तो यायच्या आधीच बघून ठेवली होती. डोंगराकडच्या खेड्यात नेमलेल्या त्याच्या मित्राला शिक्षकांसाठी बांधलेलं सरकारी घर मिळालं होतं. तशी घरं तिकडे खेड्यापाड्यांत असतात, कारण त्यांच्या स्वतःच्या शिक्षकांच्याही दर काही वर्षांनी बदल्या होतात.

आमच्या धंद्यात याला ऑनबोर्डिंग म्हणतात. नवीन माणूस आला की त्याचा लॅपटॉप, पास, बसायची जागा तयार पाहिजे, आणि पहिले पंधरा दिवस "हे कुठं मिळेल?" विचारायला एक माणूस पाहिजे. नवीन माणसाला काही माहीत नसतं हे गृहीत धरायचं, तो त्याचा दोष नसतो.

आता दुसरे मास्तर.

सर २०२४ च्या मार्चमध्ये पवित्र पोर्टलच्या भरतीतून आमच्या तालुक्यात आले. गंमत बघा, वर्षानुवर्षं आमच्या मराठवाड्यातली डीएड झालेली पोरं नोकरीसाठी रत्नागिरी-सिंधुदुर्गात जायची, तिथल्या पावसात भिजायची आणि बदलीची वाट बघायची. हे सर उलट्या वाटेने आले. शाळा एका छोट्या वस्तीवरची, दोन शिक्षकी, आमच्या गावापासून मोटारसायकलने पंधरा मिनिटं. पद शिक्षणसेवक. तीन वर्षं ठरावीक मानधन, महिना १६००० रुपये. तेही २०२३ सालापासून, त्याआधी प्राथमिकला ६००० होतं.

हातात नेमणुकीचा कागद आणि एक बॅग. ऑनबोर्डिंग संपलं :)

खोली बघताना सरांना सगळीकडे पहिला प्रश्न एकच आला. "आडनाव काय?" मी दुसऱ्यांना नावं ठेवत नाही, कारण आमच्या घरीही तेच झालं. आमचं माळवदाचं जुनं घर, ढाळजेशेजारची एक खोली रिकामी होती. कुणाच्या तरी ओळखीने सर आले. आजीने पाणी दिलं आणि विचारलं, "आडनाव काय म्हणलास बाबा?" सरांचं आडनाव 'कर' लागलेलं, कोकणातल्या एका गावावरून पडलेलं. त्यावरून आजीला काहीच उलगडेना. ती पुन्हा पुन्हा विचारत राहिली, आणि सर पुन्हा पुन्हा तेच सांगत राहिले. शेवटी आण्णा म्हणाले, "मास्तर हायेत ते, बस झालं की." आणि खोली दिली. हे आण्णांनीच मला फोनवर हसत सांगितलं. मी पण हसलो. नंतर वाटलं, ह्यात हसण्यासारखं काय होतं? त्या वर्षी आमच्या भागात आडनावाला किती वजन आलं होतं ते मी बघितलेलं आहे. दहा तासांचा प्रवास करून आलेल्या माणसाला शाळेत जायच्या आधी ही परीक्षा द्यावी लागते, आणि तिचा अभ्यासक्रम कुठल्या पोर्टलवर नसतो.

मग आला हिवाळा. कोकणातल्या माणसाला आमची थंडी म्हणजे शिक्षा. आमच्याकडे बर्फ पडत नाही, पण डिसेंबरात पारा कधी कधी आठ-नऊ अंशांवर येतो, आणि हवा अशी कोरडी की ओठ फुटून रक्त येतं. सर पहिल्या आठवड्यात आजारी पडले. अंगात स्वेटर, त्यावर जर्किन, कानाला मफलर, आणि तरी कुडकुडत मोटारसायकलवर. वस्तीवरच्या लेकरांना त्यांची भारी मजा वाटायची. त्यात भाषा. पोरांनी "सर, कामून?" विचारलं की सरांना कळायचंच नाही, की हा 'का?' आहे. सरांनी चिडून मालवणीत "खंय गेल्लंस रे?" म्हटलं की अख्खा वर्ग लोळायचा.

सकाळी आजी चुलीवर पाणी तापवून ठेवायची, ते घेऊन अंघोळ. दहाला शाळा. जानेवारीपर्यंत पहिला तास अंगणात, उन्हात. वर्गातल्या फरशीवर लेकरांना बसवत नाही. पोरांच्या गालांवर पांढऱ्या भेगा, म्हणून सर स्वतःच्या पैशाने व्हॅसलिनची मोठी डबी आणून टेबलावर ठेवायचे. परिपाठ झाला की एकेकाने बोट बुडवून गालाला लावायचं. मग खिचडी, मग ऑनलाइन माहिती भरणं. एका हातात खडू आणि दुसऱ्या हातात मोबाइल. रेंजसाठी लिंबाच्या झाडाखाली जावं लागतं. शाळा सुटली की सर घरी यायचे नाहीत, अंधार पडेपर्यंत वस्तीवर थांबून पोरांचा अभ्यास घ्यायचे. मी म्हटलं, "कशाला एवढं?" तर म्हणाले, "खोलीवर येऊन तरी काय करायचंय? भिंतीशी बोलायचं?" मला एकदम नागाओकाची भिंत आठवली.

आता मुख्य गोष्ट. २० नोव्हेंबर २०२४ ला विधानसभेचं मतदान होतं. मी पुण्याहून मतदानाला आलो आणि रविवारपर्यंत राहिलो. सरांचीही निवडणूक ड्यूटी होती, दोन रात्री झोप नाही. मतदान झालं आणि ऊसतोडीच्या टोळ्या हलायला लागल्या. उसाचा गळीत हंगाम सुरू झालेला. दरवर्षी दिवाळीनंतर हे असतंच. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली, ती फेडायची. पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात जायचं, ते थेट मार्च-एप्रिलमध्ये परत. आणि बरोबर लेकरं. धाकट्याला सांभाळायला मोठी मुलगी लागते ना.

एकवीस तारखेला सर रात्री आठला घरी आले, जेवायला बसले आणि दोन घासांतच उठले. म्हणाले, "चौथीतली एक मुलगी मघाशी म्हणाली, सर, उद्यापासून मी नाही. रात्रीच गाडी निघणार आहे. आता येता का माझ्याबरोबर?" मी मागे बसलो. वस्तीवर ट्रॅक्टर उभा, मागे दोन ट्रॉल्या. त्यात पत्रे, भांडी, गोधड्यांची बोचकी, पाटीखाली झाकलेल्या कोंबड्या, एक शेळी. मुलगी बोचक्यावर बसलेली, अंगात भावाचा स्वेटर. शेकोटीपाशी मुकादम, तो आमच्याकडे बघून म्हणाला, "सर, उशीर झाला आता."

सर त्याच्याशी काही बोललेच नाहीत. सरळ मुलीच्या आजीपाशी जाऊन खाली बसले. हंगामी वसतिगृहाचं सांगितलं, म्हणजे आई-बाप ऊसतोडीला गेलेली लेकरं आजी-आजोबांकडे गावातच ठेवायची आणि त्यांच्या जेवणाची सोय सरकारी योजनेतून करायची. आजीला ते माहीत होतं, पण तिचं म्हणणं वेगळं. "माझ्या डोळ्याला दिसत नाही, पोरगी वयात यायली, रातीचं काही झालं तर मी कुणाला हाक मारू?" सर म्हणाले, "मला मारा. मी पंधरा मिनिटांवर आहे." आणि माझ्याकडे बोट दाखवून, "ह्यांच्या घरी." अर्धा तास हेच. शेवटी बाप काही न बोलता ट्रॉलीपाशी गेला आणि मुलीला उचलून खाली ठेवलं. तिचा भाऊ मात्र गेला. तो सहावीतला, त्याच्यासाठी सरांनी शिक्षण हमी पत्रक आधीच भरून आणलं होतं, तिकडच्या शाळेत दाखवायला. ते आईने पदराच्या गाठीत बांधलं. तिकडे कुणी ते बघितलं की नाही, कोण जाणे.

परत येताना सर एवढंच म्हणाले, "दुसऱ्या दिवशी दहाला आलो असतो तर हजेरीत नुसता एक गैरहजर लावला असता."

हे वाक्य ऐकलं आणि माझं मत बदललं.

माझं मत काय होतं? जे गावाकडच्या बहुतेकांचं असतं तेच. मास्तर लोक गावात राहत नाहीत, तालुक्याहून अप-डाउन करतात, घरभाडं मात्र घेतात. २०२२ साली गंगापूरचे आमदार प्रशांत बंब यांनी हा मुद्दा विधानसभेत काढला, त्यावरून शिक्षक चिडले, तेव्हाच्या औरंगाबादेत मोठा मोर्चा निघाला. व्हॉट्सअॅपवर मीही तावातावाने बंब यांच्या बाजूने लिहीत होतो. आणि मुद्दा खोटा नाहीच. सर गावाजवळ राहत होते म्हणून ती मुलगी शाळेत राहिली. मुख्यालयी राहा, हा नियम ज्याने केला त्याला नेमकं हेच अपेक्षित असणार.

पण नियम करताना एक प्रश्न कुणी विचारला नाही. राहायचं कुठे? प्राथमिक आरोग्य केंद्राला डॉक्टरांसाठी क्वार्टर असतं. पोलिसांना लाइन असते. वस्तीवरच्या शाळेला काय असतं? दोन वर्ग, एक स्वयंपाकाची खोली आणि कुलूप लावलेलं शौचालय. १६००० मानधनावरच्या, पाचशे किलोमीटरवरून आलेल्या पोराला आपण म्हणतो, राहा. कुठे राहतो, त्याचा पुरावा म्हणून ग्रामसभेचा ठराव आण. आणि खोली मागायला आला की आडनाव विचारतो. मग जो तो कागद रंगवतो. मास्तर लिहून देतो मी राहतो, ग्रामसभा लिहून देते तो राहतो, आणि साडेपाचची एसटी भरून जाते. प्रोग्रॅममध्ये असं काही झालं तर मी म्हणेन, युजर खोटं बोलतोय हा बग नाही, फॉर्मच चुकीचा बांधलाय.

लगेच कुणीतरी म्हणेल, सगळेच मास्तर तुझ्या सरांसारखे नसतात. मान्य. ज्यांना चांगला पगार आहे, गावात चांगलं घर मिळतंय आणि तरी राहत नाहीत, असेही आहेत. पण त्यांना बोलायचा अधिकार मला आहे का? करोनाच्या काळात दीड वर्षं घरून काम चालू होतं, गावात नेट होतं, आण्णा म्हणत होते राहा. मी सहाव्या महिन्यात पुण्याला पळालो. जिथे मी जन्मलो तिथे मला राहवलं नाही, आणि मी अपेक्षा करतो की मालवणहून आलेल्या माणसाने तिथे आनंदाने राहावं.

जपानचं सगळं चांगलं, असं मला अजिबात म्हणायचं नाही. जमैकन मित्राला खोली मिळाली, स्टोव्ह मिळाला, पण माणसं फारशी मिळाली नाहीत. एकतीस डिसेंबरला अख्खं शहर आपापल्या घरी, दुकानं बंद, आणि आम्ही दोघं माझ्या खोलीत मुगाची खिचडी खात बसलेलो. शाळेतले सगळे त्याच्याशी फार छान वागायचे, पण पाहुण्याशी वागतात तसं. पाच वर्षं झाली की हा जाणार, हे त्यालाही माहीत आणि त्यांनाही. आमच्याकडे बरोबर उलटं. सरांना खोलीसाठी वणवण करावी लागली, पण जानेवारीत ज्वारी हुरड्यावर आली तशी रोज एका शेतातून बोलावणं. आगटीपाशी बसायचं, गरम कणसं हातावर चोळून घ्यायची, शेंगदाण्याची चटणी, गूळ. ज्यांनी आडनाव विचारलं होतं तेच "घ्या की सर, लाजता काय" करत होते. आमची आजी आता सरांना "माझा कोकणातला" म्हणते. आडनाव अजून तिला उलगडलेलं नाही, पण विचारायचं बंद झालंय.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. हुरडा आपण देतोच, खोली पण द्या. प्रत्येक शाळेमागे एक खोली, संडास-बाथरूमसकट, ग्रामपंचायतीच्या मालकीची. मास्तर बदलला की किल्ली पुढच्याला. येणाऱ्याची जात, जिल्हा, बाई की पुरुष काहीही असो, किल्ली त्याचीच. सभामंडपाला आणि गावाच्या कमानीला आपण वर्गणी काढतोच की. आणि पहिल्या हिवाळ्यात गावातल्या एका माणसाने जाऊन एवढं विचारावं, "सर, पांघरुण पुरतंय का?" ह्याला कुठलाही जीआर लागत नाही. खोली दिल्यावरही जो राहणार नाही, त्याला मग खुशाल बोला. मी पण बोलेन.

मार्च २०२५ मध्ये टोळ्या परत आल्या. मुलगी चौथी पास होऊन पाचवीला गेली. भाऊही आला, बोटभर उंच झालेला, हाताला कोयत्याची जखम. भागाकार पूर्ण विसरला होता. पत्रकाचं विचारलं तर म्हणाला, कुणी मागितलंच नाही. सरांनी त्याला संध्याकाळच्या अभ्यासाला बसवलं.

आमच्या ढाळजेशेजारच्या खोलीच्या दाराखाली चार बोटं फट आहे, सगळं वारं तिथूनच आत येतं. पहिला अख्खा हिवाळा सर तिथे पोतं लावून झोपले आणि आम्हाला बोलले नाहीत. मला हे कळलं ते त्यांच्या आईच्या फोनवरून. आण्णांना सांगितलं, तर त्यांनी दुसऱ्याच दिवशी सुताराला बोलावलं.